बुस्केबाईंचा तिसरा गाल

आमच्या ऑर्नाक गावाची गोल फेरी दीड तासाची. मंडईच्या लाकडी खांबांपासून निघायचं, वाकड्या मनोऱ्याच्या चर्चला वळसा घालायचा, घड्याळाच्या बुरुजाखालून कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत शिरायचं, तिथून बुस्केबाईंच्या घराखालच्या बोळातून पलीकडे धुण्याच्या घाटावर, आणि मग नदीकाठानं थेट परत मंडईत. एकदा तुडवलेला दगड पुन्हा तुडवायचा नाही, ही त्यातली गंमत. रस्त्यात एकोणचाळीस पितळी बदकं ठोकलेली आहेत. बदकाची चोच जिकडे, तिकडे आपण.

ही फेरी माझ्या आजोबांनी बसवली. आन्सेल्म कास्तानिए, निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण रोज एक वर्तुळ काढतोय आणि वाटेतल्या जवळजवळ प्रत्येक दगडाकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. मग निवृत्त झाल्यावर त्यांनी ती बदकं ओतून घेतली, स्वतः गुडघ्यांवर बसून ठोकली, आणि वीस वर्षं, एप्रिल ते ऑक्टोबर, दर रविवारी साडेदहाला लोकांना फिरवलं. पाऊस असो, ऊन असो, आमच्या घरात कुणाचं लग्न असो.

तर असं हे वर्तुळ गेल्या सप्टेंबरात तुटलं. पूर आला नाही, भिंत पडली नाही. एका गालभेटीनं तुटलं!

त्याचं असं आहे. आमच्या गावात माणूस भेटला की आधी बोंजूर म्हणायचं, मग गालाला गाल लावून हवेत 'मुच्' करायचं. हे सगळीकडेच करतात. पण किती वेळा? वरच्या आळीत दोनदा, खालच्या आळीत तीनदा. का, ते कुणालाही माहीत नाही. वरचे म्हणतात खालच्यांना कामधंदा नाही, खालचे म्हणतात वरचे कंजूष. माझे बाबा वरचे आणि आई खालची, त्यामुळे आमच्याकडे रोज सकाळी बाबा दोन करून कॉफीकडे वळतात आणि आईचं नाक त्यांच्या कानावर आपटतं. सतरा वर्षं झाली लग्नाला!

बोळाचं दार पूर्वी मस्यू बुस्के उघडायचे. एदमों बुस्के. पुरुषापुरुषांत काय, हातात हात दिला की झालं. ते वारले, आणि गेल्या सप्टेंबरात, वारशाच्या रविवारी (त्या दिवशी देशभर जुनी घरं, वाडे लोकांना बघायला खुले असतात), दार पहिल्यांदाच बुस्केबाईंनी उघडलं. मागं चाळीस पाहुणे. आजोबांनी बोंजूर म्हटलं, एक गाल, दुसरा गाल, आणि "चला मंडळी!" म्हणून बोळात शिरले. बुस्केबाईंनी तिसऱ्यांदा पुढे केलेला गाल तसाच हवेत राहिला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

तो गाल मी पाहिला होता. मी आजोबांच्या मागंच छत्री धरून उभी होते. पावडर लावलेला, जरासा तिरका, वाट बघणारा गाल. "आजोबा, अजून एक!" एवढंच म्हणायचं होतं मला. पण तेव्हाची मी म्हणजे वर्गात हजेरीला 'हजर' म्हणतानाही कानापर्यंत लाल व्हायची. तोंड उघडलं आणि मिटलं. बुस्केबाईंनी सगळ्या पाहुण्यांना जाऊ दिलं, मग दार लावून घेतलं, आणि पुन्हा उघडलं नाही.

त्यानंतर फेरी नुसती दारापर्यंत जायची आणि आल्या वाटेनं परत. आजोबा लोकांना सांगायचे, "दुरुस्ती चालू आहे." वर्षभर दुरुस्ती!

मधल्या काळात माझं एक झालं. मार्चमध्ये शाळेच्या नाटकात राणी आजारी पडली, मला ढकललं स्टेजवर, आणि मला शोध लागला की माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तेव्हापासून मी त्याला अडवलेलं नाही. आई म्हणते, "अपोलीन, अगं श्वास तरी घे मधे!"

ऑगस्टमध्ये आजोबा आलूबुखाराच्या झाडाला लावलेल्या शिडीवरून पडले आणि त्यांचा गुडघा गेला. त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं. जिल्हा दरवर्षी गोल फेऱ्यांची एक पुस्तिका काढतो, तिच्यात ऑर्नाक पहिल्या पानावर असतं. पत्रात लिहिलं होतं, की आपली फेरी हल्ली अर्ध्यातून मागे फिरते अशी तक्रार आहे, गोल नसेल तर तिला गोल फेऱ्यांत ठेवता येणार नाही, आणि वारशाच्या रविवारी आमच्या बाई येऊन स्वतः फिरून बघतील. त्यावर नगराध्यक्षांनी भर घातली: पुस्तिकेतून नाव गेलं, तर हिवाळ्यात नवी फरसबंदी होईल तेव्हा बदकं काढून टाकावी लागतील.

आजोबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि साखरेच्या डब्याखाली ठेवलं. त्या दिवशी त्यांनी चीज खाल्लं नाही. आजोबांनी चीज न खाणं म्हणजे दुसऱ्या कुणी हंबरडा फोडण्यासारखं.

"फेरी मी नेणार," मी म्हटलं.

"तू?"

"मी. आणि दार पण उघडून घेणार."

"फेरी ने," आजोबा म्हणाले. "दाराचं नाव काढू नकोस."

मी गुरुवारीच शाळेतून परस्पर बुस्केबाईंकडे गेले, आईनं केलेला आलूबुखाराचा टार्ट घेऊन. त्यांनी दार उघडलं. एक, दोन, तीन, मी अगदी व्यवस्थित केलं.

"बघ, तुला जमतं," बुस्केबाई म्हणाल्या. "आईचं वळण आहे. टार्ट ठेव तिथं खिडकीत. बी काढलंय ना?"

"हो, मादाम. मादाम, रविवारी बोळाचं दार..."

"दाराला काय झालंय? बिजागऱ्यांना दर महिन्याला तेल घालते मी. तुझ्या आजोबांना म्हणावं, या, आणि अर्धवट सोडलंय ते पुरं करा. जास्तीचं काही मागत नाहीये मी. एक राहिलाय, तो."

"त्यांच्याऐवजी मी दिला तर?"

"त्यांच्याऐवजी तू जेवलीस तर त्यांचं पोट भरतं का?"

मी घरी आले. आजोबा स्टुलावर पाय ठेवून अक्रोड फोडत बसले होते.

"तू गेली होतीस तिकडे," ते म्हणाले. आमच्या गावात टार्ट झाकून नेला तरी बातमी आधी पोचते.

"आजोबा, एकच तर आहे! एक सेकंद लागतो!"

"मी काय चोरी केली का? बोंजूर म्हटलं, दोन्ही गाल लावले. माझा बाप दोनच करायचा, त्याचा बाप दोनच करायचा. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी तिसरा शिकू? सबंध खालची आळी म्हणेल, कास्तानिएनं पडतं घेतलं. एक वेळ मनोरा हलेल, अपोलीन, मी नाही हलणार."

"मनोरा आधीच वाकडा आहे, आजोबा."

"म्हणूनच सांगतोय!"

म्हणजे रविवारी सकाळी माझ्याकडे आजोबांची चौदा पानी टिपणवही होती, त्यांची शिट्टी होती, एकतीस माणसं होती, आणि दाराचं काय करायचं याची काहीही कल्पना नव्हती. आजोबांना आम्ही मंडईत खुर्ची टाकून बसवलं होतं. बारानंतरच्या पेयपानासाठी सॉसेजच्या चकत्या कापायचं काम दिलं होतं त्यांना.

जिल्ह्याच्या बाई बरोबर साडेदहाला आल्या. मादाम लेस्तांग. पांढरे बूट, गळ्यात पेन, आणि हातात एक काठी, जिच्या टोकाला चाक. चाक रस्त्यावरून फिरलं की टक् टक् करत मीटर मोजायचं.

"फेरी तुम्ही नेणार?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हो, मादाम. काळजी करू नका, मी दहावीत आहे."

हे मी का म्हटलं, मला माहीत नाही. पण लोक हसले, आणि लोक हसले की मला पंख फुटतात. टिपणवही मी चर्चपाशीच दप्तरात टाकली. मनोरा वाकडा का, याची आजोबांची अडीच पानं आहेत, लाकूड ओलं होतं वगैरे. मी सांगितलं, की खालची आळी म्हणते मनोरा त्यांच्याकडे बघायला वाकलाय आणि वरची आळी म्हणते तो त्यांच्याकडून तोंड फिरवतोय, आता तुम्हीच ठरवा. लोकांनी माना वाकड्या करून बघितलं. एका हिरव्या रेनकोटवाल्या काकूंनी आपल्या नवऱ्याचीही मान धरून वाकडी केली. घड्याळाच्या बुरुजापाशी सगळ्यांना खालून ओरडायला लावलं, कारण तिथं प्रतिध्वनी दोनदा येतो. मादाम लेस्तांगसुद्धा हळूच "हू" म्हणाल्या. मग इकडे तिकडे बघून पेन तपासलं.

इतकं छान चाललं होतं, की कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत वळेपर्यंत मी दार विसरूनच गेले होते. गल्लीच्या टोकाला ते दिसलं. हिरवं, लोखंडी कड्याचं, बंद. पावणेबाराला अजून पाच मिनिटं होती, आणि बाराला बुस्केबाई जेवायला बसतात. बाराच्या पहिल्या ठोक्याला त्यांच्या खिडक्या बंद होतात, मग दारात खुद्द राष्ट्राध्यक्ष आले तरी सव्वा वाजल्याशिवाय उघडत नाहीत.

पाय जागीच थांबले. पण तोंड आपलं चालूच.

"मंडळी, हे दार वरच्या आळीचं शेवटचं दार. याच्या आत बोळ आहे, आणि बोळाच्या बरोबर मध्यावर जुन्या तटाचा दगड अजून दिसतो. दगडाच्या अलीकडे वरची आळी, पलीकडे खालची. म्हणजे मादाम बुस्के झोपतात वरच्या आळीत आणि स्वयंपाक करतात खालच्या आळीत!"

वरची खिडकी धाडकन उघडली.

"आणि मनानं कुठल्या आळीत आहेत, तेही सांग!" बुस्केबाई ओरडल्या.

"बोंजूर, मादाम!"

"बोंजूर, पोरी. बोंजूर, सगळ्यांना." एकतीस जणांनी बोंजूर म्हटलं. मग बुस्केबाईंनी गर्दीवरून नजर फिरवली. कोणाला शोधत होत्या ते मला कळलं. "आले नाहीत ना?"

"नाही, मादाम."

"मग बसा."

चाकाची टक् टक् थांबली. मादाम लेस्तांगनी गळ्यातलं पेन उघडलं. "म्हणजे इथून परत फिरायचं? आल्या वाटेनं?"

आता मी सांगू शकले असते, की दुरुस्ती चालू आहे. जिभेवर आलंही होतं. पण गेल्या वर्षीचा तो हवेतला गाल माझ्या डोळ्यांपुढून हलेना, आणि मी सगळं खरं खरं सांगून टाकलं. वरची आळी, खालची आळी, दोन, तीन, चाळीस पाहुणे, वर्षभराची दुरुस्ती, सगळं. श्वास न घेता.

मग हिरव्या रेनकोटवाल्या काकू म्हणाल्या, "पण तीनसुद्धा कमीच की! आमच्या नांतला चार असतात."

"चार?" त्यांच्या मागचे मिशीवाले गृहस्थ दचकले. "आमच्या ब्रेस्टला एक. एक केलं की माणूस मोकळा. चार करेस्तोवर भरती येऊन ओहोटी लागेल."

"मोंपेल्येला तीनच करतात," दोन कॉलेजकुमारी एकदम म्हणाल्या. "डाव्यापासून."

"डाव्यापासून? डाव्यापासून कोण करतं?"

"सगळे करतात!"

"आमच्याकडे डाव्यापासून केलं तर नाक फुटतं."

बघता बघता गल्लीत अशी काही जुंपली, की लोक एकमेकांना प्रत्यक्ष करून दाखवायला लागले. ब्रेस्टचे मिशीवाले आणि नांतच्या काकू, एक आणि चार, त्यांची तर तीन वेळा टक्कर झाली. वर खिडकीत बुस्केबाई कोपरं टेकून बसल्या होत्या, एवढी मजा त्यांना वर्षभरात आली नसावी. पण दार बंदच. अकरा पन्नास झाले होते.

"दोन करून निघून जाणं," मोंपेल्येची एक म्हणाली, "म्हणजे जेवायला बसवून चीज न देण्यासारखं आहे."

"कोण म्हणतंय ते?"

सगळे मागे वळले. गल्लीच्या तोंडाशी, दोन्ही काखांत कुबड्या, घामानं डबडबलेले, आजोबा. चर्च, बुरूज, गल्ली, सगळी अर्धी फेरी करून आले होते, त्या गुडघ्यानं!

"आजोबा! सॉसेज कोण कापतंय?"

"सॉसेज कुठं पळून जात नाही. तू टिपणवही उघडलीच नाहीस, मनोऱ्याबद्दल भलतंच काहीतरी सांगितलंस. बेकरीवाला सांगत होता. म्हटलं, बघून यावं."

"खोटं," वरून आवाज आला. "दार उघडलं का, ते बघायला आलात."

आजोबांनी टोपी काढली. "बोंजूर, मादाम बुस्के."

"बोंजूर, मस्यू कास्तानिए. एक वर्ष लागलं यायला. पत्रंही अशीच वाटायचात का?"

"पत्ता नीट लिहिलेला असला, की पत्र वेळेवर पोचायचं, मादाम."

"माझा पत्ता पन्नास वर्षं हाच आहे."

कुणीतरी हसलं, पण लगेच गप्प झालं, कारण बुस्केबाई हसत नव्हत्या. त्या खिडकीतून थोड्या पुढे वाकल्या आणि एकदम हळू बोलायला लागल्या, इतकं हळू की मागच्यांना पुढं सरकावं लागलं.

"एदमों होता तोवर दार तोच उघडायचा. मी वर. लोकांचे आवाज ऐकायची. तो गेला, तेव्हा वाटलं, आता कशाला? मग वाटलं, नाही, उघडायचं. त्या रविवारी सकाळी केस सेट करून आले होते मी. निळा स्वेटर घातला होता. कठडा धरून जिना उतरले. आणि चाळीस माणसांसमोर..." त्यांनी स्वतःच्या गालाला बोट लावलं.

आजोबा कुबड्यांवर तसेच उभे. टोपीची कड बोटांत फिरवत.

"मला दिसलंच नाही, मादाम," ते म्हणाले. "शपथ. बारा वाजत आले होते, मी घड्याळ बघत होतो. निळा स्वेटरही दिसला नाही. माझं चुकलं."

"दिसलं नसेल. पण दिसलं असतं, तर दिला असता?"

आजोबांना खोटं बोलता येत नाही. दुरुस्तीबद्दल बोलतात, पण तोंडावर नाही बोलता येत.

"नसता," ते म्हणाले. "वरच्या आळीत उभा होतो ना मी."

"आई गं!" हिरव्या काकू कळवळल्या. मादाम लेस्तांगनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. बुस्केबाई खिडकी ओढायला लागल्या.

"थांबा!" मी ओरडले. हा आवाज नक्की धुण्याच्या घाटापर्यंत गेला असणार. "आजोबा, काय म्हणालात? कुठं उभे होतात?"

"वरच्या आळीत. इथंच."

"आणि खालच्या आळीत गेलात तर? तिकडच्या मासेवालीकडे शुक्रवारी जाता, तेव्हा किती करता?"

आजोबांचा चेहरा जरा अवघडला. "तीन. तिच्या दुकानात तिचा रिवाज. मी काय रानटी आहे?"

"म्हणजे नदीकडे तोंड केलेल्या दारात उभे असाल, तर तिसरा करायला हरकत नाही!"

ब्रेस्टचे मिशीवाले काका तोंड उघडं टाकून बुस्केबाईंकडे बघत होते.

"मादाम," मी वर मान करून म्हटलं, "आजोबा या दारात दोन करतील. हे दार वरच्या आळीचं आहे. मग तुम्ही दोघं बोळातून चालत जायचं, दगड ओलांडायचा, आणि पलीकडच्या दारात तिसरा. ते दार खालच्या आळीचं. कुणीच पडतं घेतलं नाही!"

"पण खालच्या दारात गेल्यावर तिथले तीन करावे लागतील," मोंपेल्येची दुसरी म्हणाली. "म्हणजे एकूण पाच."

"पाच कुठल्याही आळीत नाहीत!" आजोबा गरजले.

"मला पाच नकोत," बुस्केबाई म्हणाल्या. "राहिलेला एक हवा." आणि मग, संशयानं, "म्हणजे मी बोळभर दोन गाल घेऊन चालायचं?"

"किती लांब आहे बोळ?" कुणीतरी विचारलं.

सगळ्यांनी मादाम लेस्तांगकडे बघितलं. त्या आधी लाजल्या, मग चाक जमिनीवर टेकवून म्हणाल्या, "दार उघडलं तर मोजून सांगते."

तेवढ्यात चर्चची घंटा झाली. एक. बाराचा पहिला ठोका. खिडकीतून बुस्केबाई नाहीशा झाल्या आणि झडपा खाडकन बंद झाल्या.

मी कानावर हात ठेवले. दोन, तीन, चार. नांतच्या काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बारा वाजताना एकतीस फ्रेंच माणसं रस्त्यात उभी, जेवायला कुणी हलत नाही, असं आमच्या जिल्ह्यात आधी कधी झालं असेल असं मला वाटत नाही. सात, आठ. कुणाचं तरी पोट गुरगुरलं. दहा. अकरा.

आतून कडी सरकली.

बुस्केबाई दारात उभ्या होत्या. पायांत घरातल्या सपाता, कमरेला एप्रन, त्याच्यावर घाईघाईनं चढवलेला निळा स्वेटर, एक बाही अजून उलटी. "सूप गार होतंय," त्या म्हणाल्या. "लवकर काय ते."

आजोबांनी दोन्ही कुबड्या माझ्या हातात दिल्या. दाराची चौकट धरली. एक गाल. दुसरा गाल. मग त्यांनी आपला कोपर पुढे केला, बुस्केबाईंनी तो धरला, आणि दोघं बोळात शिरले. मागून आम्ही सगळे, एकामागून एक, अंधारात एकमेकांच्या टाचा तुडवत. पुढून टक् टक् चाक. मधे एकदाच आजोबांचा आवाज आला, "सांभाळा, दगड आला." आणि बुस्केबाईंचा, "माझ्या घरातला दगड मला दाखवू नका."

पलीकडचं दार उघडलं तसा नदीचा उजेड एकदम डोळ्यांत आला. आजोबा उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले, पाय नीट रोवला, आणि तिसरा दिला. सावकाश. घड्याळाकडे न बघता.

नांतच्या काकू रडल्या. ब्रेस्टचे काका म्हणाले, "एवढं करण्यापेक्षा एकच बरा," पण त्यांचेही डोळे पाणावलेच होते.

"सतरा मीटर चाळीस," मादाम लेस्तांग म्हणाल्या.

घाटावरून, नदीकाठानं, शेवटच्या बदकापर्यंत मी काय काय सांगितलं, मला काही आठवत नाही. मंडईत शिरलो तेव्हा नगराध्यक्षांचं भाषण लोकांअभावी खोळंबलं होतं. मादाम लेस्तांगनी चाक बरोबर त्याच खांबापाशी टेकवलं, जिथून सकाळी उचललं होतं. आजोबा श्वास रोखून बघत होते. आम्ही त्यांना खुर्ची दिली तरी बसेनात.

"दोन हजार सहाशे ऐंशी मीटर," त्या म्हणाल्या. "एकही रस्ता दुसऱ्यांदा नाही. गोल." आणि पेनाचं टोपण लावता लावता, "फक्त वेळेचं बदलावं लागेल. दीड तास नाही होत ही. मी पावणेदोन लिहिते."

"दोन लिहा," आजोबा म्हणाले. "हिला बोलायला लागतं."

मग काय, वाइन ओतली, सॉसेजच्या चकत्या फिरल्या (निम्म्याच कापलेल्या होत्या), आणि लोक खांबांखाली उभे राहून पुन्हा एक, दोन, तीन, चार सुरू झाले. आजोबांना चीजचा एवढा मोठा तुकडा घेताना बघून मी खुर्चीवर मटकन बसले. भूक कडाडून लागली होती. घास तोंडात टाकते तोच शेजारी सपातांचा आवाज आला.

बुस्केबाई. सगळ्यांबरोबर मंडईपर्यंत आल्या होत्या, एप्रनसकट, सूप तसंच टाकून. हातात ग्लास होता, पण बघत होत्या त्या रस्त्यातल्या पहिल्या बदकाकडे.

"पोरी, हे चोच तिकडे करून कुठं चाललंय?"

"चर्चकडे, मादाम. तिथूनच तर सुरुवात होते."

"मी ही फेरी कधी केलेली नाही," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं लोक माझ्या घराखालून गेले. मला वाटायचं, मी गेले तर वर खिडकीत कोण असणार? आज माझ्या दारापासून इथपर्यंत चालले. म्हणजे माझी अर्धीच झाली ना?"

"अर्धी," आजोबांनी मागून दुजोरा दिला. "पुढची अर्धी इथून निघते आणि तुमच्या हिरव्या दाराशी संपते. दार उघडं आहे ना?"

"मी लावलेलं नाही," बुस्केबाई म्हणाल्या.

मी आजोबांच्या गुडघ्याकडे पाहिलं, आजोबांनी माझ्या ताटलीकडे. मग त्यांनी कुबड्या काखेत घेतल्या, बुस्केबाईंनी ग्लास खांबाच्या कट्ट्यावर ठेवला आणि उलटी बाही सरळ केली. मी सॉसेजच्या चार चकत्या पावात कोंबल्या आणि धावत पुढे झाले.

"बोंजूर, मंडळी!" मी म्हटलं. मंडळी दोनच होती. "माझं नाव अपोलीन. वाटेत काही विचारायचं असलं तर विचारा. आजोबा, तुम्ही सोडून."